इत्तोचे डोहाळे

इत्तोला डोहाळे लागले तेही कशाचे, तर नदीतल्या ट्राउट माशाचे. आंबट नको, गोड नको. नदीतली ट्राउट हवी, आणि तीही नवऱ्याच्या हातची. हद्दू बिचारा टॅक्सीवाला. अझरू गावच्या टॅक्सीतळावर खच्चून माणसं भरायची आणि डोंगरातल्या गावांना पोचवायची, एवढंच त्याला ठाऊक. मासा त्याने पाहिला होता तो ताटात. आधी त्याने शहाणपणा केला. हौदात पाळलेली एक ट्राउट विकत आणली, भाजून तिच्यापुढे ठेवली. इत्तोने एक घास खाल्ला आणि ताट सरकवलं.

"हौदातली आहे ही. मला फसवतोस होय रे?"

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट असती तर त्याने नेली असती. पण याआधी दोनदा इत्तोची कूस रिकामी झाली होती, दोन्ही वेळा सातव्या महिन्यात, आणि हा सातवाच चालू होता. बाईचे डोहाळे पुरवले नाहीत तर पोटातल्या जिवाला भोवतं, हे त्या डोंगरात शेंबडं पोरही सांगेल. सासूबाईंनी तर तोंडावर सुनावलं होतं, "मागच्या वेळी पोरीला रानातला मध हवा होता, तू उद्या आणतो, परवा आणतो करत बसलास." हद्दूचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण रात्र-रात्र डोळ्याला डोळा लागत नव्हता, हेही खरं. घरात बाळाचा शब्द कुणी काढत नसे. पाळणा आणला नव्हता, एक झबलंसुद्धा शिवलं नव्हतं.

म्हणून मासेमारीचा मोसम उघडला त्या पहिल्या रविवारी, भल्या पहाटे, जेलाब्यात, म्हणजे टोपीवाल्या पायघोळ लोकरी झग्यात, कुडकुडत तो सासऱ्यामागून नदीकाठची वाट उतरत होता.

सासरा म्हणजे बास्सू. जन्मभर नदीवर पहारेकरी होता, चोरून मासे धरणाऱ्या सख्ख्या भावालाही त्याने दंड केला होता. हा टॅक्सीवाला जावई त्याला कधीच पसंत नव्हता. लेकीने हट्टाने केलेला, म्हणून चालवून घेतलेला.

"जावईबापू, जरा हळू पाय टाका," बास्सू पुटपुटला. "मासे जागे आहेत. त्यांना वरात आल्यासारखं वाटतंय."

"मामा, मी काय म्हणतो, तुम्हीच धरा ना एखादा. मी नेऊन देतो."

"आणि लेकीला काय सांगशील?"

हद्दूने खांद्यावरची काठी खाली घेतली.

"मग टाक गळ."

नदीवर धुकं होतं. पलीकडे देवदारांच्या रांगा नुकत्या कुठे दिसू लागल्या होत्या आणि पाणी इतकं निवांत वाहत होतं की हद्दूला आपल्याच श्वासाचा आवाज मोठा वाटला. बास्सूने त्याच्या दोरीला फिरकी बांधून दिली. बोटाच्या पेराएवढी पितळी पाती, तिच्यामागे गळ. ओढली की पाती पाण्यात गरगरते आणि माशाला वाटतं, पिल्लू पळतंय.

पहिली फेक गेली थेट विलोच्या झाडावर. दुसरी तळाच्या दगडात अडकली. बास्सू काही न बोलता गुडघाभर पाण्यात उतरला, फिरकी सोडवून आला आणि त्याच्या हातात ठेवली. हे न बोलणं हद्दूला शिव्यांहून जास्त झोंबलं.

"प्रवाहाच्या वर टाक," म्हातारा शेवटी म्हणाला. "आणि रीळ असं काय फिरवतोस? मागे गिऱ्हाईक बसलंय का तुझ्या? पाण्यापेक्षा जरासं जलद. बास."

हद्दूने तसं केलं. पुन्हा केलं. करता करता अचानक काठीतून त्याच्या बोटांना बारीक थरथर जाणवू लागली. पाण्याखाली पाती फिरत होती. त्याला इतका आनंद झाला की मासा विसरायलाच झालं. फेकायचं, पाती जागी होऊ द्यायची, ओढायचं. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा त्याच्या डोक्यात काही नव्हतं.

आणि एका मोठ्या दगडाच्या आडोशाला ती थरथर थांबली. काठी धनुष्यासारखी वाकली.

"मामा!"

"ओरडू नकोस! काठी वर धर. जाऊ दे तिला, ओढेल तेवढी दोरी दे. आता घे. अरे, हळू घे, बाबा!"

बास्सूने जाळं खाली घातलं आणि ट्राउट वर आली. अंगावर लाल ठिपके, पोटाला लोण्याचा रंग. म्हाताऱ्याने फीत काढून माप घेतलं आणि लग्नानंतर पहिल्यांदाच जावयाकडे बघून तो हसला.

"कायद्याच्या मापात बसते. चांगलीच बसते! झालं रे माझ्या पोरीचं काम."

हद्दूने ओल्या हातांनी मासा धरला. पोट टणक लागलं, तट्ट भरलेलं. त्याने जरासं दाबलं असेल-नसेल, तळहातावर नारिंगी मण्यासारखं एक अंडं आलं. मग आणखी एक.

"हे काय?"

"अंडी घालायला उशीर झालेली मादी आहे," बास्सू म्हणाला. "यंदा बर्फ लांबलं. असते एखादी."

हद्दू त्या दोन मण्यांकडे बघत राहिला. मग सरळ पाण्यात बसला, जेलाब्यासकट, आणि गळ सोडवू लागला.

"ए, काय करतोस? मोसम उघडलाय. कायद्याने तुझी आहे ती!"

"असेल."

"आपण माझ्या लेकीच्या पोटासाठी आलोय, या माशाच्या नाही! परत मिळेल असं वाटतं तुला? ऊन वर आलं की संपलं सगळं."

"मामा, माझ्याच्याने नाही होणार," हद्दू म्हणाला. "तुम्ही मला काय बोलायचं ते बोला."

बास्सूने जाळं बाजूला ठेवलं. हद्दूने मादीला प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरून ठेवलं, तिच्या कल्ल्यांची उघडझाप नीट सुरू होईपर्यंत. मग ती त्याच्या बोटांमधून निघून गेली.

नंतर ऊन येईपर्यंत दोघांनी गळ टाकले. एक मासा फिरकला नाही. निघताना बास्सूने आपल्या भाकरीचा अर्धा तुकडा मोडून जावयाच्या हातात दिला.

"तिला तू सांगायचंस," तो म्हणाला. "मी बाहेर थांबतो."

इत्तो चुलीपाशी बसली होती. त्याचे रिकामे हात तिने पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

"नाही मिळाली?"

"मिळाली होती. मी सोडून दिली."

"सोडलीस? माझ्यासाठी गेलास आणि सोडलीस?"

"तिच्या पोटात अंडी होती, इत्तो. पोट नुसतं भरलेलं होतं. मला नाही ते बघवलं. मला भीती वाटते गं. रोज वाटते. आता आणखीच वाटतेय."

चुलीवरचं पाणी उकळून सांडलं तरी इत्तोचं लक्ष नव्हतं.

"जिवंत गेली?" तिने विचारलं.

"हो."

"नीट पोहत? तू बघितलंस?"

"दम येईपर्यंत धरून ठेवली होती. मग गेली."

"पोटासकट?"

"पोटासकट."

तेव्हा मात्र ती रडली. पोटभर रडून घेतलं, ओढणीला नाक पुसलं, त्याचा गारठलेला हात ओढून तिने आपल्या पोटावर ठेवला. आतून एक टणक धक्का बसला. हद्दूने हात काढायला बघितला, तिने सोडला नाही.

"बर्फ झालाय तुझा हात. पोर चिडलं बघ," ती म्हणाली आणि दाराकडे वळून मोठ्याने ओरडली, "बाबा, आत या! आजोबा होणार तुम्ही, आणि थंडीत काय उभे राहिलात?"