पाचवी नदी

"झालं. आज पण हीच."

ग्लेनिसने वर्गाचं दार अजून पुरतं उघडलंही नव्हतं. दाराला टेकून उभी असलेली डेमी हे बोलली होती, आणि कुजबुजण्याइतकी ती भिडस्त नव्हती.

"ऐकू आलं मला," ग्लेनिस म्हणाली.

"तुम्हाला नाही बोलले, मिस. नशिबाला बोलले."

"तुझ्या नशिबाला सांग, मलाही काही हौस नाही. चल, आत हो."

ग्लेनिस टॅटरसॉल शिक्षिका नव्हती. रजेवर गेलेल्या शिक्षकाच्या वर्गात जाऊन बसायचं, हजेरी घ्यायची, कागद वाटायचे आणि कोणी कोणाला कंपास टोचत नाही ना ते बघायचं, हे तिचं काम. आज फ्रेंच, उद्या भूगोल, परवा आणखी काही. तिला पगार मिळायचा तो लक्ष ठेवण्याचा, शिकवण्याचा नाही. पण ऑक्टोबरात गणिताचे मिस्टर इंगम आजारी पडले आणि त्यांचा अकरावीचा वर्ग तिच्या गळ्यात आला. फेब्रुवारी उजाडला तरी तो तिथून उतरायचं नाव घेत नव्हता. शाळेचं हे शेवटचं वर्ष, मे महिन्यात परीक्षा, आणि पोरं मात्र ऑक्टोबरात होती तिथेच.

"आज काय आहे, मिस?" मागच्या बाकावरून रीसने विचारलं. त्याने अजून कोट काढला नव्हता. तो कधीच काढत नसे. कुठल्याही क्षणी इथून निघावं लागेल अशी त्याची एकंदर तयारी असायची.

"गुणोत्तर."

"सरबत?"

ग्लेनिसने हातातल्या गठ्ठ्याकडे पाहिलं. सरबतच होतं. एक भाग अर्क, चार भाग पाणी, तर अमुक पेले भरायला अर्क किती लागेल.

"मिस, हे सरबत आम्ही नाताळच्या आधी पण प्यायलो होतो."

"मग आता लवकर संपेल."

"पोट बिघडलंय त्याने."

वर्ग हसला. ग्लेनिसलाही हसू आलं, पण तिने ते गठ्ठ्याआड दडवलं. तिने काही हा कागद आवडीने निवडला नव्हता. गणित विभागाच्या कपाटात मागच्या बाजूला उत्तरं छापलेले असे थोडेच कागद होते, आणि मागे उत्तरं नसली तर ग्लेनिसचा निभाव लागत नसे.

या शाळेत अकरावीच्या गणिताच्या पाच तुकड्या होत्या, हुशारीच्या उतरंडीने लावलेल्या. मात्र आपण कुठल्या पायरीवर आहोत ते कळून पोरांना वाईट वाटू नये म्हणून त्यांना आकडे न देता आसपासच्या नद्यांची नावं दिली होती: रिबल, हॉडर, काल्डर, डार्वन, स्विनल. ही कल्पना उपमुख्याध्यापिका मिसेस ऑग्डेन यांची. वेळापत्रकही त्यांच्याच हातात, त्यामुळे कोणी काही बोलायच्या भानगडीत पडत नसे. पोरांना हे कोडं सुटायला पहिल्या दिवशीची मधली सुट्टी पुरली. रिबल समुद्राला मिळते, तिच्यात होड्या असतात. स्विनल म्हणजे सुपरमार्केटच्या गाड्या लावायच्या जागेखालून पाइपातून जाणारा ओढा. तो कोणी पाहिलेला नव्हता. पाऊस फार झाला की गटाराच्या झाकणाखालून त्याचा आवाज यायचा, तेवढीच काय ती ओळख.

एकदा शिक्षकांच्या खोलीत ग्लेनिसच्या तोंडून निघून गेलं होतं, "मी चालले तळाच्या वर्गावर." मिसेस ऑग्डेननी हातातला कप खाली ठेवला.

"ग्लेनिस, आपण तो शब्द वापरत नाही."

"मग काय म्हणू?"

"स्विनल."

"पण स्विनल म्हणजे तळच ना?"

"स्विनल म्हणजे स्विनल," मिसेस ऑग्डेन गोड हसून म्हणाल्या. त्यांचं हसू फार चांगलं होतं. त्याच्यापुढे माणसाला काही सुचतच नसे.

ग्लेनिसच्या शाळेच्या दिवसांत नद्या नव्हत्या. अ, ब, क, ड असा सरळ मामला होता, आणि ती ड तुकडीत होती. तिथून निघाली ती थेट सपातांच्या कारखान्यात. कारखाना बंद पडला तेव्हा शाळेच्या जेवणघरात वाढायला लागली, आणि पोरं तिचं ऐकतात हे पाहून कोणीतरी तिला वाढपाच्या पळीपासून उचलून वर्गात आणून बसवलं. आवाज होता, धाक होता, माया होती. गणित तेवढं नव्हतं.

"मिस." डेमी टेबलाशी आली. तिच्या हातात सरबताचा कागद नव्हता. मागच्या कुठल्यातरी परीक्षेची प्रश्नपत्रिका होती, उत्तरांसकट. "हे कसं करायचं?"

शेकडेवारीचं काहीतरी होतं. कोटाची किंमत उतरली, मग आणखी उतरली. ग्लेनिसने चष्मा लावला, काढला, परत लावला.

"उत्तर चौपन्न आहे," ती म्हणाली.

"ते मलाही दिसतंय, मिस. पण ते आलं कसं?"

ग्लेनिस त्या कोटाकडे बघत राहिली. डेमीला बाळंतपणाची नर्स व्हायचं होतं. बहिणीच्या बाळंतपणात ती खोलीत होती. तिथल्या नर्सने तिला टॉवेल धरायला सांगितला आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. त्यासाठीच्या कॉलेजला गणितात चार ही श्रेणी लागत होती. चार म्हणजे पास. तीन म्हणजे कॉलेजात दुसऱ्याच कुठल्यातरी वर्गात बसायचं आणि हेच गणित पुन्हा मानगुटीवर घ्यायचं. डिसेंबरातल्या सराव परीक्षेत डेमीला दोन मिळाली होती.

"मिस्टर इंगम आले की विचारू," ग्लेनिस म्हणाली.

"कधी येणारेत?"

"बरे होताहेत."

हे बोलताना तिला स्वतःचीच चीड आली. कारण नाताळनंतरच्या शनिवारी मिस्टर इंगम तिला रोपवाटिकेत भेटले होते. गुलाबाची कुंडी काखेत, गाल लालबुंद, ऑक्टोबरात हात थरथरायचे तेही थांबलेले. आधी ते एका झुडपाआड सरकले. मग त्यांनाच ते बरं वाटलं नसावं.

"मी नाताळलाच राजीनामा दिला, ग्लेनिस," ते म्हणाले. "पोरं कशी आहेत?"

"बरी आहेत," ग्लेनिस म्हणाली, आणि दोघंही त्या गुलाबाबद्दल बोलत राहिली. त्या माणसाला दोष तरी काय द्यायचा? पण शाळेत त्यानंतरही इंगम आजारीच राहिले. मिसेस ऑग्डेननी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, मुलांना परीक्षेच्या तोंडावर अस्वस्थ करू नका.

फेब्रुवारीची सुट्टी संपली आणि नव्या बाई आल्या. मिस फरीदा रहमान, गणिताच्या, खऱ्याखुऱ्या. बातमी स्विनलपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. त्या दिवशी ग्लेनिस वर्गात शिरली तर रीसने कोट काढलेला! डेमीने ती प्रश्नपत्रिका बाकावर हाताने सारखी करून ठेवली होती.

दारात ग्लेनिसच दिसली तेव्हा कोणी "आज पण हीच" म्हटलं नाही. पोरं तसं म्हणाली असती तर बरं झालं असतं. रीसने कोट परत चढवला.

तास संपताच ग्लेनिसने मिसेस ऑग्डेनना जिन्यातच गाठलं.

"नव्या बाई कुठल्या वर्गावर आहेत?"

"काल्डर. आपण काल्डरचे दोन लहान गट करतोय."

"काल्डरला शिक्षक आहेत की आधीच."

"काल्डरची मुलं अगदी तीन-चारच्या सीमेवर आहेत, ग्लेनिस. तिथे थोडा जोर लावला की शाळेचा निकाल हलतो."

"आणि माझी पोरं?"

"स्विनलला आपण मुळीच विसरलेलो नाही. तुमच्यासाठी नवे कागद छापायला टाकलेत."

"सरबताचे?"

"नाही, नाही," मिसेस ऑग्डेन उत्साहाने म्हणाल्या. "या वेळी भिंतीला द्यायचा रंग कालवण्याचे आहेत."

ग्लेनिसने जिन्याचा कठडा घट्ट धरला. दुसरं काही धरण्यासारखं जवळ नव्हतं.

पालकसभा गुरुवारी होती. मोठ्या सभागृहात टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलावर शिक्षकाच्या नावाची पाटी, प्रत्येक पालकाला पाच मिनिटं, आणि पाच मिनिटं झाली की मिसेस ऑग्डेन हातातली पितळी घंटा वाजवणार. ग्लेनिसला दिलेल्या टेबलावर पाटी होती: मिस्टर इंगम, गणित.

"मी काय सांगू यांना?" तिने विचारलं होतं.

"प्रगती स्थिर आहे, एवढंच सांगा. ते नेहमी चालतं."

आणि चाललंही. रीसची आई ऐकून निघून गेली. आणखी दोघं आली, मान डोलावून गेली. चौथ्या वेळेला डेमी आली आणि तिच्या मागून लाल कोटातली तिची आजी. ग्लेनिसने वर पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

"अगं बाई! ग्लेनिस?" आजीबाईंचा आवाज सभागृहभर गेला. "तू इथे काय करतेस? चहा वाटतेस का?"

"बस, पॉलीन."

"तुम्ही ओळखता आजीला?" डेमीने विचारलं.

ओळखत कशी नव्हती! ड तुकडीत एका बाकावर, मग कारखान्यात शेजारच्या यंत्रावर. दिवसाअखेर सपातांचे जोड मोजायचे तर ग्लेनिसचे पॉलीनच मोजून द्यायची, कारण ग्लेनिसने मोजले की दर वेळी निराळेच भरायचे. पॉलीनने टेबलावरची पाटी वाचली, ग्लेनिसकडे पाहिलं, परत पाटी वाचली. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि अर्ध्यातच थांबलं.

"डेमी घरी सांगते, गणिताच्या मिस चांगल्या आहेत म्हणून," ती सावकाश म्हणाली. "नाव नव्हतं सांगितलं हिने."

"चांगल्याच आहेत," डेमी म्हणाली. "बाकीचे सगळे जातात. या येतात तरी."

ग्लेनिसला हे नको होतं. शिव्या चालल्या असत्या.

"बरं, मला एवढंच सांग," पॉलीन पुढे वाकली. "हिला चार मिळतील?"

मिसेस ऑग्डेन घंटा घेऊन शेजारच्या टेबलापाशी आल्या होत्या. त्या ग्लेनिसकडे बघून ते चांगलं हसू हसल्या.

"प्रगती स्थिर आहे," ग्लेनिस म्हणाली.

"स्थिर म्हणजे? जागच्या जागी उभी आहे?"

ग्लेनिसने टेबलावरची पाटी उगाच सरळ केली.

"स्विनलच्या मुलांचा आम्हाला फार अभिमान आहे," मिसेस ऑग्डेन मध्येच म्हणाल्या.

"स्विनल?" पॉलीन त्यांच्याकडे वळली. "तो पाइपातला?"

डेमी खाली बघत होती. मांडीवर तीच प्रश्नपत्रिका, कोटाच्या किमतीपाशी दुमडलेली. आजीला दाखवायला आणली होती की मिस्टर इंगम आले असतील या आशेने, कोण जाणे.

घंटा वाजली. सभागृहात खुर्च्या सरकल्या. या टेबलापाशी कोणी उठलं नाही.

ग्लेनिसने इंगमांची पाटी उचलली आणि पालथी घातली.

"डेमी, इंगम येणार नाहीत. नाताळलाच सोडून गेले. मला माहीत होतं. आणि तुला विचारायचं असतं ना, ते आलं कसं, ते मला नाही सांगता येत. मला गणित येत नाही, बाळा. खोटं वाटलं तर तुझ्या आजीला विचार."

"ग्लेनिस," मिसेस ऑग्डेन हलकेच म्हणाल्या, "आपण हे नंतर..."

"नव्या बाई आल्या त्या वरच्या तुकडीला दिल्या." ग्लेनिसने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती पॉलीनशी बोलत होती. "नदीबिदी काही नाही गं. हा तळाचा वर्ग आहे, पॉलीन. आपण होतो ना, तोच."