एकशे सत्तावीस दिवस

इंग्लंडहून आलेलं पत्र मुचानेताने पहिल्यांदा वाचलं ते वॉर्डात, औषधांच्या ट्रॉलीशेजारी, आणि तिला चक्क हसू आलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा ते हसू जागच्या जागी विरलं.

पत्राची भाषा मोठी सभ्य होती. नर्सच्या नोकरीवर येणाऱ्या अर्जदार बाईंनी सोबत दोन मुलांची नावं दिली आहेत. शुवाई, जन्म नऊ एप्रिल दोन हजार आठ. मुनेसू, जन्म चौदा ऑगस्ट दोन हजार आठ. दोन्ही दाखल्यांवर आई म्हणून अर्जदार बाईंचंच नाव आहे. दोन जन्मांमध्ये एकशे सत्तावीस दिवसांचं अंतर दिसतं. कृपया खुलासा करावा.

आता काय खुलासा करायचा? चौदा वर्षांत त्यांच्या मास्विंगो गावात हे दिवस कुणी मोजले नव्हते. शाळेतल्या बाईंनी दोघांना एकाच वर्गात एकाच बाकावर बसवलं, पाद्रीबाबांनी एकाच रविवारी दोघांच्या डोक्यावर पाणी घातलं, पण मधल्या दिवसांचा हिशोब कुणाला सुचला नाही. तो सुचला समुद्रापलीकडच्या कुणा टेबलामागच्या माणसाला. त्याचंही बरोबरच होतं म्हणा. बाईच्या पोटाला चार महिन्यांत दुसरं मूल होत नाही, हे मुचानेताला वेगळं शिकवायची गरज नव्हती. तिने आयुष्याची सात वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढली होती.

गोष्ट अगदी साधी होती. मुचानेताची थोरली बहीण एस्नात, शुवाईला जन्म देऊन चार महिन्यांनी गेली. ज्या आठवड्यात ती गेली त्याच आठवड्यात मुनेसू जन्मला. शुवाईचा बाप ती जन्मायच्या आधीच जोहान्सबर्गला निघून गेला होता आणि त्याची काही खबरबात नव्हती. दफन आटोपल्यावर गुटू गावातल्या घरात बायकांनी चार महिन्यांची पोर उचलून बाळंतिणीच्या मांडीवर ठेवली. कुणी विचारलं नाही, कुणी ठरवलं नाही. बहिणीचं लेकरू ते आपलंच लेकरू. त्यात ठरवायचं काय असतं?

पुढे दाखले काढायला ती दोघांना घेऊन गेली, तेव्हा कारकुनाने विचारलं, "पोरं कुणाची?" ती म्हणाली, "माझी." ती खोटं बोलली नव्हती. कारकूनही त्याच मुलखातला, त्याच्या घरीही अशी दोन-तीन लेकरं असणारच. त्याने मान हलवली आणि लिहून टाकलं. तेव्हापासून सगळं गाव मुचानेताला शुवाईची आई म्हणायचं, कारण आईला हाक मारतात ती थोरल्याच्या नावाने, आणि दोघांत थोरली शुवाई होती.

शुवाईला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. लपवलं नाही, सांगायची वेळच कधी आली नाही, असं मुचानेता स्वतःला समजावत असे. खरं तर वेळ पुष्कळदा आली होती, आणि तिने दर वेळी ती दारातूनच परत पाठवली होती.

नोकरी लावून देणाऱ्या माणसाला तिने फोन केला तर तो म्हणाला, "सिस्टर, कशाला डोक्याला ताप? मुलीचं नाव काढून टाका. आठवड्यात व्हिसा हातात." दुसरी वाट एका वकीलबाईने सांगितली. बाल न्यायालयात जायचं, दाखला चुकीचा आहे हे शपथेवर कबूल करायचं, मुलीला खऱ्या आईच्या नावाचा दाखला घ्यायचा आणि कोर्टाकडून तिचं पालकत्व मागायचं. तारीख सप्टेंबरच्या वीसची मिळत होती. तिकडे हजर व्हायचं होतं ऑक्टोबरच्या अखेरीला.

"कबूल म्हणजे नक्की काय बोलायचं?" मुचानेताने विचारलं.

"ही मुलगी माझी नाही, एवढंच. एका वाक्याचं तर काम आहे," वकीलबाई म्हणाली.

त्या रविवारी घरात बैठक बसली. बैठक म्हणजे मुचानेता, तिचा नवरा गिव्हमोर आणि गिव्हमोरची थोरली बहीण केरिना, जिला सगळे मान देऊन वातेते म्हणत. बापाच्या बहिणीच्या शब्दाशिवाय त्यांच्याकडे पोरांचं पानही हलत नाही. वातेते भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन आली, खुर्चीवर ऐसपैस बसली, आणि आधी शेंगा फोडायला घेतल्या.

गिव्हमोर शाळेची बस चालवायचा. माणूस सरळ, पण वळण दिसलं की आधी ब्रेक दाबणारा. तो म्हणाला, "मला वाटतं, शुवाईची आई, तू नि मुनेसू पुढे व्हा. मी शुवाईला घेऊन मागून येतो. कागद काय, आज ना उद्या होतील."

"आणि नाही झाले तर?" मुचानेता म्हणाली.

"होतील गं."

"वा रे शहाण्या!" वातेतेने टरफल थाळीत टाकलं. "एकाच ताटात जेवलेली पोरं. एक विमानात नि एक बसथांब्यावर. आणि पोरीला काय सांगणार आहेस? तुझे दिवस मोजण्यात घोटाळा झाला म्हणून?"

"ताई, मी तसं कुठं म्हटलं?"

"तू काहीच म्हणत नाहीस, तीच तर बोंब आहे. चौदा वर्षांत घरातल्या एकानेही तोंड उघडलं नाही. मीही नाही." वातेतेने हातातली शेंग थाळीत ठेवली. मग आवाज उतरवून म्हणाली, "पोरींना अवघड गोष्टी सांगायचं काम आमचं, आत्यांचं. शुवाईची आई, तुझी जीभ वळत नसेल तर मी सांगते. आजच सांगते."

मुचानेताने नकाराची मान हलवली. रीत तशी होती, वातेतेचा हक्कही होता. पण हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून पोरीच्या कानावर पडलं तर आपण तिला पुन्हा तोंड दाखवू शकणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मी सांगेन," ती म्हणाली. "आणि मी कोर्टात जाणार. जाऊ तर सगळे जाऊ."

पुढच्या शनिवारी दुपारी तिने शुवाईच्या वेण्या घालायला घेतल्या. परसातल्या आंब्याखाली मुचानेता स्टुलावर, शुवाई खाली चटईवर तिच्या गुडघ्यांमध्ये. बारीक वेण्यांचं काम तीन तासांचं, आणि सगळा वेळ पोरीचं तोंड पलीकडे. मुचानेताने मुद्दामच हा वेळ निवडला होता. डोळ्याला डोळा देऊन सांगायची तिची छाती नव्हती.

दहाएक वेण्या झाल्यावर तिने सांगितलं. दवाखान्यात नातेवाइकांना सांगतात तसं, आडवळण न घेता. तुला जन्म देणारी एस्नात, माझी बहीण. तू चार महिन्यांची होतीस. दाखल्यावर माझं नाव आहे, ते कोर्टात जाऊन काढावं लागणार आहे.

पोर हलली नाही. मुचानेताची बोटं आपोआप चालत राहिली.

"मुनेसूला माहीत आहे?" शुवाईने विचारलं.

"नाही. आधी तुला."

"मग तो माझा भाऊ नाही?"

"भाऊ नाही कसा? दोघं एकाच वेळी प्यायलात. तू डावीकडे, तो उजवीकडे. सातव्या महिन्यात तुला दात आले नि चावायला लागलीस. मी ओरडायची, तू हसायचीस."

शुवाई हसली नाही. तिने विचारलं, "ती कशी होती?"

"मोठ्याने हसायची. चर्चमध्येसुद्धा. बाजारात टोमॅटो विकायची, आणि गिऱ्हाईकाशी भांडली नाही तर तिला दिवस सरल्यासारखा वाटायचा नाही." मुचानेताने पुढची बट हातात घेतली. "तुझं कपाळ अगदी तिचं आहे. मला रोज दिसतं."

"रोज दिसायचं नि रोज बोलायची नाहीस?"

मुचानेताने ती वेणी ओढून घातली.

"ही वेणी फार घट्ट झालीय," शुवाई म्हणाली. "सोडून पुन्हा घाल."

त्या दिवसापासून शुवाई वागायची तशीच वागत राहिली. भांडी घासायची, मुनेसूशी रिमोटवरून भांडायची, मक्याच्या पिठाचा साडझा घोटायला चुलीपाशी उभी राहायची. मुनेसूला तिने स्वतःच सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तू खरंच मोठी? मला वाटायचं सगळे उगाच तुझी बाजू घेतात," आणि विषय संपला. फक्त एक गोष्ट बदलली. शुवाई मुचानेताला हाक मारेनाशी झाली. आई म्हणत नव्हती, मावशी म्हणत नव्हती, काहीच म्हणत नव्हती. "भात संपलाय." "उद्या शाळेत पालकांची सभा आहे." वाक्यं सगळी बिनहाकेची. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. मुचानेता मात्र प्रत्येक वाक्याच्या आधी कान टवकारून थांबायची, आणि दर वेळी रिकाम्या हाताने परतायची. तिने पोरीला रागे भरलं नाही. कोणत्या तोंडाने भरणार?

"येईल परत," वातेते फोनवर म्हणाली. "जखम धुतली की झोंबतेच. तू नर्स आहेस, मी तुला काय सांगू?"

"नाही आली तर, वातेते? कोर्टात मी म्हणायचं ही माझी नाही, आणि तिने घरात म्हणायचं मी तिची नाही. मग इंग्लंडला कुणाला नेतेय मी?"

"जेवून घेत जा," एवढंच म्हणून वातेतेने फोन ठेवला.

वीस सप्टेंबरला चौघं कोर्टात गेली. वातेते गावाकडून एस्नातच्या मृत्यूचा दाखला आणि दोन साक्षीदार म्हाताऱ्या घेऊन आधीच येऊन बसली होती. समाजकल्याणवाल्या बाई घरी येऊन गेल्या होत्या, त्यांचा अहवाल चांगला होता. खोली लहान होती, खिडक्या उघड्या होत्या, बाहेर कुणीतरी गवत कापत होतं. मॅजिस्ट्रेट पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी सगळे कागद वाचले, म्हाताऱ्यांना दोन प्रश्न विचारले आणि चष्मा काढला.

"सिस्टर, खोटा दाखला काढणं हा गुन्हा आहे. ठाऊक आहे ना?"

"हो, मॅडम."

"तुमचा हेतू वाईट नव्हता, हे मला दिसतंय. मी ते प्रकरण वाढवणार नाही. पण शपथेवर तुमचं म्हणणं नोंदवल्याशिवाय मला आदेश देता येत नाही. तुम्ही या मुलीची आई आहात का?"

मुचानेताने तोंड उघडलं. तिने हे वाक्य सकाळपासून शंभरदा घोकलं होतं. वीस वर्षं ती लोकांना सांगत आली होती, तुमचे वडील गेले, तुमचं बाळ वाचलं नाही, आणि कधी तिची जीभ अडखळली नव्हती. आता एक 'नाही' म्हणायचं होतं, आणि ते घशात हाडासारखं अडकलं होतं.

"सिस्टर?"

गिव्हमोरने खोकून पाहिलं. वातेतेने डोळे मिटून घेतले.

"परत विचारते. या मुलीला जन्म तुम्ही दिलात का?"

मुचानेताचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही. बाजूच्या बाकावर शुवाई बसली होती. तिच्याकडे पाहायचं नाही असं मुचानेताने ठरवलं होतं, आणि तरी ती तिच्याकडेच पाहत होती.

"हे बघा," मॅजिस्ट्रेट शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही बोलला नाहीत तर मला अर्ज फेटाळावा लागेल. मग पुढली तारीख जानेवारीची."

शुवाई उठली. वकीलबाईने तिला खुणेने बसायला सांगितलं, पण ती चालत आली आणि मुचानेताच्या शेजारी उभी राहिली.

"मॅडम, मी सांगू?"

"मुली, हे त्यांनी सांगायचं असतं."

"त्या सांगू शकणार नाहीत. मी सांगते, त्या मान हलवतील." शुवाईचा आवाज कापत होता, पण शब्द एकेक नीट येत होता. "यांनी मला जन्म दिलेला नाही. मला जन्म देणारीचं नाव एस्नात. ती गुटूला पुरलेली आहे, मागच्या रविवारी वातेते मला तिथे घेऊन गेली होती. मला सगळं माहीत आहे आणि मला यांच्याबरोबर जायचंय."

मुचानेताला त्या रविवारची काही कल्पना नव्हती. तिने वातेतेकडे पाहिलं; वातेते छताकडे बघत होती.

"हे खरं आहे?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

मुचानेताने मान हलवली. मग घसा खाकरून म्हणाली, "खरं आहे."

पेन कागदावर चालू लागलं. दाखला बदलावा. पालकत्व अर्जदार बाईंना देण्यात येत आहे. मुलीला देशाबाहेर नेण्यास हरकत नाही. मॅजिस्ट्रेटनी खाली सही केली आणि कागद कारकुनाकडे सरकवला.

"झालं, मॅडम?" शुवाईने विचारलं.

"झालं."

"मग आता माझ्या आईला बसू द्या," शुवाई म्हणाली. "तिने सकाळपासून काही खाल्लेलं नाही."