हलणारा बाण

बारा वाजून चौतीस मिनिटांनी पडद्यावरचा नकाशा पुन्हा थिजला. तनुजानं माउस दोनदा हलवून पाहिला, मग वही ओढून वेळ लिहिली. वरच्या ओळींवरून तिचं बोट फिरलं. बारा एकतीस. बारा अडतीस. बारा तेहेतीस. मशीनचा दोष असता तर रोज एकाच मिनिटाला आला असता. हे पुढंमागं होणं माणसाच्या हाताचं होतं.

इमारतींचे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर एकाच कॉम्प्युटरवर चालायचं, आणि सिल्लोडच्या भाड्याच्या घरात वीज दिवसातून चारदा जायची. म्हणून लग्नानंतर तो कॉम्प्युटर माहेरीच, शहरात उस्मानपुऱ्यात, मधल्या खोलीत देवघरासमोर राहिला. तनुजा सिल्लोडहून इंटरनेटवरून, लॅपटॉपवर तो चालवायची. तुटलेली जोडणी पंधरा-वीस मिनिटांत परत यायची. पण साडेबारा ते एक हीच वेळ काम देणाऱ्या पुण्याच्या साहेबांनी तपासणीसाठी ठेवली होती.

त्यांचा फोन आलाच.

"मॅडम, मी समजून घेतो. पण आणखी एकदा असं झालं तर हे काम दुसऱ्याकडं द्यावं लागेल."

तिनं पासवर्ड बदलून पाहिला होता. कॉम्प्युटर मधेच झोपी जाऊ नये म्हणून सेटिंग केलं होतं. सगळं सॉफ्टवेअर काढून नव्यानं घातलं होतं. कॉम्प्युटरमधल्या नोंदी सांगत होत्या की तो बंद होतच नाही, फक्त इंटरनेट जातं. इंटरनेटवाला घरी जाऊन आला, तोही फोनवर म्हणाला, "मॅडम, लाइन में कुछ नै. घर में किसी का हाथ लगता होगा."

घरात त्या वेळी दोनच माणसं. आई पूजेत. राहता राहिली वहिनी, मनस्विनी.

दिवाळीत मनस्विनी त्या टेबलाकडं बघून बोलली होती, "हे धूड अजून किती दिवस हो? मला शिलाई मशीनला जागा नाही." तेव्हा सगळे हसले होते. त्या संध्याकाळी तनुजानं फोन लावला.

"वहिनी, दुपारी राउटरला कुणी हात लावतं का?"

मागं कुकरची शिट्टी झाली.

"हात... हात कोण लावणार? लाइट जात असंल."

"लाइट गेली तर कॉम्प्युटर बंद पडंल. तो पडत नाही."

"तुमचं ते मला नाही कळत, तनुताई. ठेवू? भाजी करपतीय."

ती अडखळली होती, एवढं तनुजानं पक्कं धरलं.

शनिवारी तपासणी नसायची. कुणाला न कळवता ती एसटीनं शहरात आली, माहेरच्या जिन्यात पायरीवर बसली आणि मांडीवर लॅपटॉप उघडून मोबाइलच्या नेटवर कामाला लागली. वरून घंटेचा आवाज आला. बारा सव्वीस. दाराआड कुणीतरी इकडून तिकडं गेलं. ती नुसतीच एक भिंत आखत आणि पुसत राहिली. बारा बत्तीसला भिंत अर्ध्यातच थांबली.

लॅपटॉप तसाच ठेवून ती उठली. दार नुसतं लोटलेलं होतं.

राउटरच्या बटणावर आईचा हात होता.

भानुमतीबाईंनी लेकीला पाहिलं. आधी दचकल्या, मग चेहरा असा उजळला की तनुजाच्या ओठावरचं वाक्य तिथंच राहिलं. त्यांचं मौन होतं. चातुर्मासात पूजेला बसल्यापासून पहिला घास घेईपर्यंत त्या बोलत नसत. त्यांनी तिच्या हाताला धरलं, पाटाकडं बोट दाखवलं आणि स्वतः पान घ्यायला वळल्या.

स्वयंपाकघराच्या दारात मनस्विनी उभी होती.

"चोर पकडायला आलात का?" ती हळूच म्हणाली.

तनुजा तिच्यामागं आत गेली. "हे काय आहे, वहिनी?"

"नेम आहे त्यांचा. घरातलं माणूस उपाशी असताना आपण घास घ्यायचा नाही. तुमचे दादा डबा घेऊन जातात, मी बाराला जेवते. मग राहतं कोण?" मनस्विनीनं मधल्या खोलीकडं मान वळवली. "मागं एकदा खुणेनं विचारलं, पडद्यावरचा बाण कोण हलवतंय? मी म्हटलं, तनुताई काम करतात. तिथं चुकलं माझं. आता त्यांच्या लेखी तुम्ही इथंच बसलेल्या असता. बाण हलतोय म्हणजे पोरगी जेवायला उठलेली नाही. बटण दाबलं की बाण थांबतो, म्हणजे उठली."

"मी रोज फोनवर सांगते की मी बाराला जेवते."

"सांगता खरं."

तनुजाचं जेवण तीनच्या आत कधी होत नव्हतं.

"आणि परत चालू कोण करतं?"

"तुम्हाला काय वाटलं, आपोआप होतं?" मनस्विनी ताटात वरण वाढू लागली. "त्या पानावर बसल्या की मी जाऊन बटण दाबते."

"मग मला सांगायचं ना."

"काय सांगू? सासूची चुगली करू? आणि तुम्ही खरं मानलं असतं?"

तनुजानं तिच्या हातातलं ताट घेतलं, पण तिच्याकडं पाहिलं नाही.

जेवणं झाल्यावर ती आईजवळ बसली. "आई, दुपारी त्या इंटरनेटच्या डब्याला हात लावू नको. माझं काम जाईल."

"एवढं होतं होय? मला काय ठाऊक," भानुमतीबाई म्हणाल्या. "नाही लावणार."

सोमवारी जोडणी तुटली नाही. एक वाजला तेव्हा साहेब खुशीत होते. त्यांनी आणखी एक नकाशा पाठवला. तीनपर्यंत हवा होता. तनुजानं पाय वर घेतले आणि रेघा ओढायला लागली. काम इतकं सुरळीत कधी चाललं नव्हतं. अडीचला मनस्विनीचा फोन आला.

"बरोबर चाललंय?"

"एकदम. का हो?"

"आई अजून पानावर बसल्या नाहीत." तिचा आवाज दबका होता. "कॉम्प्युटरसमोर पाट घेऊन बसल्यात. जप चाललाय, पण नजर बाणावर आहे."

"तिला सांगा, मी जेवलेय."

"मी नाही सांगणार. तुम्ही जेवलात?"

पडद्यावर जिन्याच्या नऊ पायऱ्या आखून झाल्या होत्या, सात राहिल्या होत्या. तीन वाजायला अर्धा तास. दहाव्या पायरीपाशी बाण थरथरत होता, कारण तिचा हात अजून माउसवर होता. तिनं तो उचलला.

मग फोन कानाला तसाच धरून ती आत गेली, पोळीचा डबा उघडला आणि उभ्यानंच एक घास तोंडात घातला.

"आई उठली का?" तिनं विचारलं.