शेवटी प्रश्नचिन्ह होतं

कचरू तायडे अकोल्याजवळच्या एका वस्तीत वाढले. वडिलांना वाचता येत नव्हतं. संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर माणसं जमायची आणि शाळकरी कचरू सगळ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. कोणी मध्येच शंका काढली की वडील त्याला गप्प करायचे. "छापून आलंय ना? मग झालं तर." पुढे कचरू पुण्यात आले, हडपसरच्या एका कारखान्यात लागले, बिबवेवाडीत दोन खोल्यांचं घर केलं, तिथेच निवृत्त झाले. वर्तमानपत्राची जागा हळूहळू टीव्हीने घेतली. पण बातमीवरचा तो जुना विश्वास जसाच्या तसा राहिला.

त्यांचा चॅनल ठरलेला होता आणि निवेदकही. विश्वजीत त्याचं नाव. "विश्वजीत काल काय बोलला, ऐकलंत का?" असं ते शेजाऱ्यांना विचारायचे, जणू तो त्यांचा भाचाच. मुलगा प्रज्ञेश हिंजवडीत नोकरीला होता. तो म्हणायचा, "बाबा, अधूनमधून दुसराही एखादा चॅनल बघत जा."

"दुसरे सगळे विकले गेलेत," तायडे म्हणायचे.

"आणि हा?"

"हा आपल्या बाजूने बोलतो."

यावर प्रज्ञेश नुसता हसायचा. मोठी मुलगी दीक्षा मात्र कधी या वादात पडत नसे. ती एका खाजगी हॉस्पिटलमध्ये नर्स होती. ड्युटीवरून आली की पाय धुऊन वडिलांशेजारी पलंगावर बसायची, त्यांच्या बशीतला चहा प्यायची आणि बातम्या बघता बघता बसल्या जागी डुलक्या घ्यायची. तायडे आवाज कमी करायचे. या घरात टीव्हीचा आवाज फक्त तिच्यासाठी कमी होत असे.

त्या दिवशी दुपारी तायडे एकटेच टीव्हीसमोर होते. पत्नी राधा गच्चीवर कुरडया वाळत घालत होती. पडद्यावर लाल पट्टी आली आणि विश्वजीतचा आवाज चढला. एका हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधली छोटी क्लिप होती. क्लिप काढणारा माणूस ओरडत होता, "अहो सिस्टर, आईला बघा ना! आईला बघा!" समोर एक नर्स पाठमोरी उभी होती, कानाला मोबाइल. तिने मागे वळूनही न बघता हात वर केला. थांबा. मग ती क्षणभर वळली आणि तिचा चेहरा तिथेच गोठवून त्याभोवती लाल वर्तुळ काढलं गेलं. खाली अक्षरं होती : 'आई तडफडत होती, नर्स फोनवर बोलत होती. निष्काळजीपणानेच घेतला बळी?'

ती दीक्षा होती.

क्लिप पुन्हा लागली. पुन्हा लागली. वर केलेला हात दर वेळी जास्तच उद्धट दिसू लागला. राधा खाली आली तेव्हा तायडे रिमोट हातात धरून नुसते उभे होते.

"अहो, फोन लावा ना तिला," राधा म्हणाली.

दीक्षाचा फोन बंद होता. शेजारच्यांचे मात्र सुरू झाले. आधी कोणी काळजीने विचारलं, मग कोणी नुसतंच विचारलं. संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क आप्पासाहेब जिन्यात भेटले. "मुलगी आज टीव्हीवर दिसली तुमची," ते म्हणाले आणि पायऱ्या उतरून निघून गेले.

दीक्षा अंधार पडायच्या सुमारास आली. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, डोळे सुजलेले. राधा पाणी घेऊन पुढे झाली. पण त्याआधीच तायडे बोलले. दुपारपासून एकच प्रश्न त्यांच्या डोक्यात फिरत होता आणि तो तसाच बाहेर पडला.

"फोन कोणाचा होता?"

दीक्षाने ओढणी सोडली. तिला बहुतेक नीट ऐकूच आलं नव्हतं. "काय?"

"तू फोनवर कोणाशी बोलत होतीस?"

"डॉक्टरांशी, बाबा. म्हणजे लावत होते, ते उचलत नव्हते." ती भिंतीला टेकून उभी राहिली. "सगळ्या मजल्याला मी एकटी होते. ड्युटीवरचे डॉक्टर दुसऱ्या शाखेत गेले होते. आजींचा श्वास वर लागला. वॉर्डातला फोन बंद पडलेला, म्हणून मोबाइलवरून लावला. आत रेंज मिळत नाही, म्हणून बाहेर आले. तेवढ्यात त्यांनी उचलला आणि मला काही ऐकूच येईना, म्हणून हात केला त्या दादांना. मग पळत आत गेले."

"पण ते तर काही दाखवलं नाही."

"नाही दाखवलं."

"इतका मोठा चॅनल आहे, दीक्षा. चौकशी केल्याशिवाय कसं दाखवतील? काहीतरी असेल म्हणूनच ना?"

राधा म्हणाली, "अहो!"

दीक्षा वडिलांकडे बघत राहिली. ती रडली नाही, चिडलीही नाही. हॉस्पिटलमध्ये एखाद्याच्या नाडीवर बोट ठेवून वाट बघावी, तशी ती थोडा वेळ वाट बघत होती. तायड्यांना त्याच क्षणी बोलता आलं असतं. पण त्यांच्या मागे टीव्ही चालूच होता आणि तिचं नाव पुन्हा घेतलं गेलं, तेव्हा त्यांची मान आपोआप तिकडे वळली.

पुन्हा त्यांनी मुलीकडे बघितलं तेव्हा ती आतल्या खोलीत गेली होती.

हॉस्पिटलने दीक्षाला निलंबित केलं आणि कोणाशी बोलू नका अशी ताकीद दिली. चॅनलवर चर्चा झाली. चार चौकटींत चार माणसं बसली होती. त्यांतल्या एकालाही दीक्षा माहीत नव्हती, तरी 'आजकालच्या नर्सेस' या विषयावर सगळ्यांना पुष्कळ बोलायचं होतं. एकाने तर ती कोणत्या कोट्यातून शिकली असेल हेही सुचवून टाकलं. विश्वजीतने त्याला अडवलं नाही. तायडे वाट बघत राहिले की तो आता तरी अडवेल, आता तरी विचारेल की डॉक्टर कुठे होते. तो म्हणाला, "एका छोट्याशा विश्रांतीनंतर पुन्हा भेटू."

आणि जाहिरात लागली. हसरे डॉक्टर, पांढऱ्या भिंती, एका म्हातारीच्या हातावर ठेवलेला हात. दीक्षाचंच हॉस्पिटल. ही जाहिरात तायड्यांनी वर्षानुवर्षे पाहिली होती. मुलगी तिथेच कामाला म्हणून कौतुकाने पाहिली होती. या चॅनलवर डॉक्टरांचं नावही का येत नाही, ते आता त्यांच्या ध्यानात आलं. ते उठले आणि त्यांनी टीव्ही बंद केला. घर एकदम शांत झालं आणि आतल्या खोलीतला पंखा ऐकू येऊ लागला.

दोन-तीन दिवसांनी हेमा नावाची एक वार्ताहर घरी आली. ती एका लहान दैनिकात काम करत होती. पेपरचं नाव तायड्यांनी फार तर कुठल्या टपरीवर वाचलं असेल. तिने आधी फोन करून विचारलं होतं, येऊ का? आल्यावर चहाला नाही म्हणाली आणि दीक्षासमोर जमिनीवरच बसली.

"तुमच्याशी आत्तापर्यंत कोणी बोललंय?" तिने विचारलं.

"कोणीच नाही," दीक्षा म्हणाली.

"चॅनलवाले?"

"नाही."

दाराशी उभ्या असलेल्या तायड्यांना ते लागलं. सगळा महाराष्ट्र तिच्याबद्दल बोलत होता आणि कोणी तिला एक फोनसुद्धा केला नव्हता. हेमाने दीक्षाच्या मोबाइलमधले त्या दिवशी लावलेले फोन बघितले. पण तेवढ्यावर ती थांबली नाही. "हे तुमचं म्हणणं झालं. मला त्यांचंही ऐकावं लागेल," असं सांगून ती गेली. गेलेल्या आजींच्या मुलाला, दिगंबरला, ती भेटली. डॉक्टरांना गाठलं. हॉस्पिटलने बोलायला नकार दिला, तर तेही तिने तसंच लिहिलं. बातमी आतल्या पानावर आली. त्यात कुठे 'सूत्रांकडून समजते' नव्हतं. जो बोलला त्याचं नाव होतं. दिगंबरने सांगितलं होतं, "मी चॅनलला पूर्ण व्हिडिओ दिला होता. त्यांनी किती दाखवला ते तुम्ही बघितलंच."

तो पूर्ण व्हिडिओ हेमाने पाठवला. तायड्यांनी तो जिन्यात बसून बघितला. हात वर होतो, दीक्षा वळते, आणि मग लाल वर्तुळापाशी न थांबता व्हिडिओ पुढे जातो. ती पळते. मोबाइल पायजम्याच्या खिशात कोंबते, पलंगावर गुडघा टेकते आणि दोन्ही हातांनी आजींची छाती दाबू लागते. "आजी, श्वास घ्या. आजी, ऐका ना माझं." ती दाबतच राहते. डॉक्टर येत नाहीत. शेवटी ती थांबते आणि आजींच्या अंगावरची चादर नीट करते.

तायडे तिथेच तोंडावर हात दाबून रडले. जिन्यातून वर चाललेले आप्पासाहेब थांबले आणि पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी तायडे चॅनलच्या ऑफिसात गेले. बराच वेळ बसवून ठेवल्यावर एक संपादक बाहेर आले. त्यांनी व्हिडिओ अर्धाच बघितला.

"काका, आम्ही कुठे म्हटलं तिची चूक आहे म्हणून? शेवटी प्रश्नचिन्ह होतं."

"पण तिला विचारलं का नाही तुम्ही?"

"त्या वेळी बातमी धावत होती हो. आता चौकशी होऊ दे, निकाल लागला की बघू."

बाहेर पडताना लिफ्टपाशी विश्वजीत भेटला. टीव्हीत दिसायचा त्यापेक्षा बुटका होता, चेहऱ्यावर मेकअप तसाच. तायड्यांनी हात जोडले, कारण सवयीने तेच झालं. म्हणाले, "मी त्या नर्सचा बाप."

विश्वजीतने अदबीने नमस्कार केला. "कोणत्या नर्सचा?" त्याने विचारलं. आठवण्याचा त्याने खरोखर प्रयत्न केला असावा. मग लिफ्ट आली.

काही आठवड्यांनी चौकशी समितीने दीक्षाला निर्दोष ठरवलं. चॅनलवर ती बातमी आली नाही. हॉस्पिटलने तिला परत बोलावलं, ती गेली नाही. चंद्रपूरकडे एका लहानशा दवाखान्यात तिने जागा मिळवली. निघायच्या आदल्या संध्याकाळी ती बॅग भरत होती तेव्हा तायडे खोलीत आले.

"दीक्षा, मी चुकलो."

"असू द्या, बाबा."

"त्या चॅनलवाल्यांना मी जाऊन बोललो. मी त्यांना..."

"त्यांचं मला काही वाटलं नाही," ती साड्यांची घडी न विस्कटता म्हणाली. "ते मला ओळखत नव्हते."

तायडे पलंगाच्या कडेला बसले. तिने बॅगेची चेन लावली आणि म्हणाली, "बीपीची गोळी आता आईकडे दिलीय. चुकवू नका." तिचा आवाज मऊ होता. आजारी माणसाशी ती अशीच बोलत असणार.

ती गेली. टीव्ही अजून भिंतीवर आहे, राधा त्यावर कधीकधी मालिका बघते. तायडे आता दोन-तीन पेपर घेतात, त्यांत हेमाचाही आहे. बातमी वाचताना बोलणाऱ्याचं नाव दिलंय का ते बघतात, दुसऱ्या बाजूला विचारलंय का ते बघतात. प्रज्ञेशला ते हा बदल हौसेने सांगू लागले, तेव्हा तो फक्त "चांगलं आहे" म्हणाला.

दीक्षाचा फोन रोज येतो, आईच्या मोबाइलवर. वडिलांशी ती मेसेजवर बोलते. एकदा तायड्यांनी विचारलं, पोचलीस का ड्युटीवर? उत्तरात दवाखान्याच्या पाटीचा फोटो आला. दुसऱ्यांदा विचारलं, जेवलीस का? तर ताटाचा फोटो आला. भाकरी, वांग्याची भाजी, कांदा. ताप आला होता तेव्हा थर्मामीटरचा फोटो आला, त्यातला आकडा स्पष्ट दिसेल असा.

"किती गोड पोरगी आहे, सगळं दाखवते," राधा म्हणाली.

पहिला फोटो आला तेव्हाच तायड्यांना कळलं होतं. नुसतं 'हो' लिहून भागेल, असं तिला आता वाटत नव्हतं.

एका रात्री त्यांनी विचारलं, खोलीची कडी लावलीस का? आणि लगेच चष्मा पुसून, एकेक अक्षर शोधत लिहिलं : 'फोटो नको पाठवत जाऊ बेटा. तू सांगितलंस तरी पुरे आहे मला.'

मेसेज तिने वाचल्याच्या खुणा आल्या. बऱ्याच वेळाने उत्तर आलं.

'असू द्या, बाबा. तुम्हाला बरं पडतं.'

आणि खाली तिच्या खोलीच्या कडीचा फोटो होता. आतून नीट लावलेली.