आठांची पेटी

इसवी सन दोन हजार अठराच्या सप्टेंबरात, जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरील इसोमी गावी, मासेमारीचे मालक कुराहाशी तोकुजी यांच्या ओसरीवर जे घडले, ते मी सांगते. मी तिथली एक जुनी निरोपपेटी आहे, बिनतारी निरोप घेऊन पुढे देणारी.

मित्रांनो, आमच्या गावात घरोघरी पेटी होती. आमच्यात मुख्य कोणीच नव्हते. एकीने निरोप शेजारणीला द्यायचा, तिने पुढच्या पेटीला. एक वाट तुटली, तर दुसरी असे. मला एका वेळी आठ पेट्यांच्या जोडण्या झेपत. नववी आली, की मी तिला मोकळ्या शेजारणीचा पत्ता देई.

हे मालकांना खटकले.

"दारात आलेल्याला हाकलायचं? लोक म्हणतील, कुराहाशींना माज आलाय."

"हाकलत नाही, मालक, शेजारी पाठवते," पेट्या सांभाळणारी हात्सुए म्हणाली.

"शेजारी कोण, तो खेकडेवाला? त्याच्या हातून निरोप घ्यायचा लोकांनी?"

"खेकडे बरे घेता की त्याच्या हातून."

मालक हसले, पण त्यांच्या हुकमाने माझी मर्यादा चाळीसवर गेली. कुराहाशींच्या थोरल्या घराशी थेट जोडलेले असणे हा मान ठरला, आणि मानापायी घरांनी आपसांतल्या जोडण्या सोडून दिल्या. माझी स्तुती झाली. माझे अंग मात्र तापू लागले. हात्सुएने मालकांना दोनदा बजावले; तिला नुसता चहा मिळाला.

त्या दिवशी आकाश निरभ्र होते. सात पाणबुड्या बाया शंखशिंपल्यांसाठी समुद्रात उतरल्या होत्या. दूरच्या वादळाच्या लाटा भूशिरावरच्या पेटीला आधी दिसल्या. 'बायांना वर काढा' हा तिचा निरोप माझ्याकडे आला, कारण दुसरी वाट उरली नव्हती. माझ्यापाशी आधीच पुढे धाडायच्या, चाळीस घरांच्या उत्सवाच्या छायाचित्रांची रांग होती. तो निरोप मी एकोणीस मिनिटे धरून होते. मला तो वेळेत पुढे देता आला नाही.

सहाजणी परतल्या. शिझुनो परतली नाही.

मित्रांनो, जो कधीच नाही म्हणत नाही, त्याच्यावर सारा भार टाकू नका. त्याचे थकणे कोणाला ऐकू येत नाही.

तिसऱ्या दिवशी शिझुनोची आई उमेनो ओसरीवर आली. मालकांनी मान खाली घातली. "पेटी जुनी झाली होती, उमेनोबाई."

उमेनोने माझ्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे.

"पेटीला नावं ठेवू नका, मालक. माझी लेक तुमच्या-आमच्या मानापायी गेली."