तीस मीटरची रजा

अबू धाबीतल्या ऑफिस पिकनिकला ऑस्ट्रेलियन साहेबाने त्यांच्याकडचा लांबट फुटबॉल आणला. रेघेमागून किक मारून जो कोणी चेंडू हवेतून तीस मीटर नेईल, त्याला गणपतीत रजा! नवख्या इंजिनिअर देवदत्तने वारा पाहिला, कोन ठरवला आणि किक हाणली.

"खलास, झाले तीस!" मंडळी ओरडली.

पण टेप ओढत देवदत्तच धावला. वाळूतल्या खळग्यापाशी वाकून म्हणाला, "एकोणतीस चाळीस."

रेघेवर टेपचं टोक धरलेली बायको गिरिजा कडाडली, "अहो, साठ सेंटिमीटरसाठी पुण्याचा गणपती घालवलात!" मग तिचं लक्ष खाली गेलं. "पण तुमचा बूट तर रेघेच्या मागे उमटलाय!"

देवदत्तने गुडघे टेकून तेही अंतर मोजलं. बासष्ट!

"सर, तीस पूर्णांक शून्य दोन."

"यल्ला, गो!" साहेब हसला.

अर्जात रजेचं कारण म्हणून देवदत्तने तोच आकडा लिहिला.