चहापानाआधीचा चेंडू

कॅमेरा दोन.

मैदानाबाहेर उभ्या व्हॅनमध्ये हेस्टरने पडद्यावरच्या लाल ठिपक्यावर माऊस टेकवला. चेंडू विल्फ गारसाइडच्या पॅडवर आदळला होता. पंचाचं बोट वर गेलं होतं.

कॅमेरा पाच.

शहाण्णव धावा. विल्फची शेवटची कसोटी, शेवटचा डाव. विल्फने रिव्ह्यू मागायला हात उचलला आणि अर्ध्यावरच थांबवला. रिव्ह्यू उरलाच नव्हता. अर्ध्या तासापूर्वी कॅलम डाइस सरळसरळ पायचीत झाला होता, आणि जाता जाता शेवटचा रिव्ह्यू घालवून गेला होता.

सहाही कॅमेरे मिळून.

निळी रेघ पॅडच्या पुढे सरकली आणि लेग स्टंपच्या बाहेरून गेली. चांगली चार बोटं.

"चुकतोय! नॉरिस, सांग ना कुणाला तरी."

"आपल्याला विचारलंय कुणी?" नॉरिसने थर्मास उघडला. व्हॅनमध्ये त्याचा हा एकोणिसावा उन्हाळी मोसम. माग प्रत्येक चेंडूचा काढायचा. तोंड मात्र तिसऱ्या पंचाने विचारलं तरच उघडायचं. "डोळे सहा अन् तोंड एकही नाही, बाईसाहेब. केक खा."

मैदानावर चहापानाची सुट्टी झाली.

इथे कॅमेरा नाही.

व्हॅनच्या पायरीशी विल्फ उभा होता. पॅड काढलेले, पायांत नुसते मोजे.

"आत येत नाही. तुमचे नियम. चुकत होता ना?"

हेस्टरने नॉरिसकडे पाहिलं. नॉरिस कपात पाहत होता.

"कळलं. तेव्हाच कळलं होतं मला." विल्फ जरा हसला. "कॅलम डोक्यावर टॉवेल घेऊन बसलाय. पहिलीच कसोटी बिचाऱ्याची. मी त्याला सांगून आलोय, मधल्या स्टंपवर होता, रिव्ह्यू असता तरी गेलोच असतो. कुणी विचारलं तर तेवढं सांभाळून घे, पोरी."

हेस्टरचा हात टेबलावरच राहिला. दहा मिनिटांपूर्वी प्रक्षेपणाच्या दिग्दर्शकाने टीव्हीवर आणि मैदानातल्या मोठ्या पडद्यावर दाखवायला त्या चेंडूचं चित्र मागितलं होतं. अखेर कुणीतरी विचारलं, म्हणून तिने ते घाईघाईने पाठवलं होतं.

"मिस्टर गारसाइड..."

पत्र्याच्या भिंतीपलीकडे सगळं स्टँड एकदम हळहळलं.

विल्फने मान वळवली नाही.

"ड्रेसिंग रूममध्ये टीव्ही असतो का?" तिने विचारलं.

"असतो," विल्फ म्हणाला. "कॅलमच्या समोरच."